आधी माप कोणते ते ठरवू

जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगाव तालुक्यात, गौताळ्याच्या डोंगरांच्या कुशीत पाटण आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला खानदेशातून माणसे वर्षभर येत असतात. याच पाटणचा शके ११२८ चा एक शिलालेख एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी अभ्यासकांपुढे आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी इथे मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिले, ही हकिकत त्यात संस्कृतात कोरलेली आहे. अखेरच्या ओळी मात्र त्या काळच्या मराठीत आहेत आणि त्या निव्वळ व्यवहाराच्या आहेत. बाजारात येणाऱ्या मालावर मठाला काय मिळायचे, तेलाच्या घाण्यामागे किती तेल द्यायचे, असा तो तपशील आहे. त्यातच एक दंडक घातला आहे: इथे जे काही मापायचे ते मठाच्या मापाने मापावे.

हा दंडक का लागला असेल ते उघड आहे. घाण्यामागे पळीभर तेल द्यायचे असे नुसते कोरून भागत नाही, पळी कोणाची हे ठरले नाही तर दान देणारा आणि घेणारा दोघेही आपापल्या परीने खरे बोलतील आणि भांडण मात्र मिटणार नाही. या पुस्तकाचा विषय नेमका हाच आहे. फरक एवढाच की इथे मापायचे ते तेल किंवा धान्य नसून संगणकात, मोबाइलमध्ये आणि डिस्कवर साठवलेली माहिती आहे, आणि पळीच्या जागी केबी, एमबी, जीबी, टीबी ही मापे आहेत. यांतल्या प्रत्येक नावाची आज दोन मापे चालू आहेत आणि कोणते वापरले ते सांगण्याची पद्धत आपल्याकडे रुजलेली नाही.

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत ज्यांच्या हातून रोज अशी साठवण होते त्यांच्यासाठी हे पुस्तक आहे. ग्रंथालयात जुनी पुस्तके स्कॅन करणारे, महाविद्यालयाच्या कार्यालयात प्रवेशाची कागदपत्रे जपणारे, सेवा केंद्रावर विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देणारे, लग्नाचे चित्रीकरण करणारे, लोकगीते ध्वनिमुद्रित करत गावोगाव हिंडणारे, अशी ही माणसे. त्यांना गणित येते. त्यांना अडते ते गुणाकाराशी नाही, कशाने गुणायचे याशी.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’ इ.स. ११५० मध्ये पूर्ण केली. तिच्यात बेरीज-वजाबाकीच्याही आधी परिभाषा येते, म्हणजे नाणी, वजने, लांबी, धान्य आणि काळ यांच्या मापांची कोष्टके. पुढची सगळी उदाहरणे ज्या मापांत सोडवायची, ती मापे अगोदर वाचकाच्या हाती दिली आहेत. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. नाण्यांचे कोष्टक असे आहे: २० वराटक म्हणजे कवड्या मिळून १ काकिणी, ४ काकिणी मिळून १ पण, १६ पणांचा १ द्रम्म आणि १६ द्रम्मांचा १ निष्क. आता एका निष्कात काकिणी किती ते मोजून पाहावे. ४ गुणिले १६ गुणिले १६, म्हणजे बरोबर १०२४. आणि एका निष्कात पण २५६.

संगणकाशी ज्याचा थोडाही संबंध आला आहे तो हे दोन्ही आकडे ओळखतो. पण यावरून आपल्या पूर्वजांना संगणक ठाऊक होता असा निष्कर्ष कोणी काढू नये, तो भास्कराचार्यांच्या गणितावर अन्याय होईल. दोन्हीकडे हे आकडे येतात त्याचे कारण साधे आहे. बाजारात वस्तू निम्मी करता येते, निम्म्याची पाव करता येते, पावाचे पुन्हा दोन भाग होतात. तराजूच्या दोन पारड्यांत सारखे वाटून हे काम कोणत्याही वजनाशिवाय जमते. दहा सारखे भाग करणे तसे जमत नाही. म्हणून जुनी मापे दोनाच्या पटीत वाढत गेली. १६ छटाकांचा शेर, ४ पैशांचा आणा, १६ आण्यांचा रुपया. जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे घोकून घेत ते याच मापांसाठी. संगणकाच्या मुळाशीही दोनच अवस्था आहेत, वीज आहे किंवा नाही. तिथेही एकेक पायरी वाढली की संख्या दुप्पट होते.

स्वातंत्र्यानंतर आपण दशमान पद्धत घेतली. वजनमापांचा कायदा १९५६ साली झाला आणि १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे १०० नवे पैसे झाले. त्या संक्रमणात एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, आणि दुकानादुकानांत रूपांतराची कोष्टके टांगलेली असत. एका पिढीने तो बदल पचवला. त्याच सुमारास अमेरिकेत मात्र संगणकाचे अभियंते दुपटीची जुनी रीत नव्याने उभी करत होते.

माहितीचा सर्वांत लहान कण म्हणजे बिट. हो किंवा नाही, १ किंवा ०. क्लॉड शॅनन यांनी १९४८ च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात हा शब्द वापरला आणि त्याचे श्रेय जॉन ट्युकी यांना दिले. बाइट हा शब्द आयबीएममधल्या वर्नर बुखहोल्झ यांनी १९५६ साली रूढ केला. बाइटमध्ये बिट किती असावेत हे तेव्हा पक्के नव्हते. आयबीएमची सिस्टिम/३६० ही संगणकमालिका १९६४ मध्ये आली आणि ८ बिटांचा बाइट सर्वमान्य होत गेला. आठ बिटांच्या मांडणीतून २५६ वेगवेगळी चिन्हे होतात, आणि इंग्रजी अक्षरे, अंक, विरामचिन्हे यांना ती भरपूर पुरतात. मराठीला पुरतात का, ते पुढे येईलच.

गोंधळ सुरू होतो तो बाइटच्या वरच्या पायरीवर. संगणकाच्या स्मृतीत प्रत्येक बाइटला पत्ता असतो. पत्त्यासाठी १० तारा असल्या तर १०२४ पत्ते होतात, ११ असल्या तर २०४८. त्यामुळे स्मृतीचे तुकडे १०२४ च्या पटीत तयार होऊ लागले, आणि १०२४ ही संख्या हजाराच्या इतकी जवळ आहे की अभियंत्यांनी तिला सरळ ‘किलो’ म्हणायला सुरुवात केली. किलोग्रॅम, किलोमीटर यांतला किलो म्हणजे मात्र नेमका हजार. त्या काळी फरक २.४ टक्क्यांचा होता आणि तो कोणाला टोचला नाही. पण पायरी चढली की फरकही चढतो. मेगाला तो ४.८६ टक्के होतो, गिगाला ७.३७, टेराला ९.९५ आणि पेटाला १२.५९ टक्के. टेराबाइटच्या पायरीवर एका मापाने एक लाख कोटी बाइट होतात, तर दुसऱ्या मापाने १०,९९,५१,१६,२७,७७६. मधले अंतर ९,९५१ कोटी बाइटांचे आहे.

जळगावच्या सराफ बाजाराने ही स्थिती आपल्या डोळ्यांपुढे जिवंत ठेवली आहे. ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, हा जुना तोळा ११.६६४ ग्रॅमचा. आज बाजारात तोळा म्हटले की १० ग्रॅम समजतात. आजीच्या कागदावर पाच तोळ्यांची पाटली लिहिली असेल तर ती ५८.३२ ग्रॅमची असते, आणि आजच्या बोलीत ती पावणेसहा तोळ्यांहून थोडी जास्तच भरते. सोने तेच असते, वाढत नाही की घटत नाही. सराफ भाव करताना ग्रॅमवर येतो आणि प्रश्न मिटतो. साठवणीच्या हिशेबात ग्रॅमचे काम बाइट करतो. ह्या एका गोष्टीवर माझा सगळा भर आहे, आणि पुस्तकातली सर्व उदाहरणे त्याच वाटेने सोडवली आहेत: दिलेले माप आधी बाइटमध्ये आणायचे, मग हवे त्या मापात न्यायचे. केबीवरून थेट टीबीवर उडी मारायची नाही.

उदाहरण म्हणून बाजारातून आणलेली एक टीबीची डिस्क घ्या. खोक्यावरचा टेरा दशमान आहे, म्हणजे आत एक लाख कोटी बाइट आहेत, आणि ते खरोखर असतात. ती विंडोजच्या संगणकाला लावली की पडद्यावर ९३१ जीबी दिसतात. विंडोज त्या बाइटांना १,०७,३७,४१,८२४ ने भागते, उत्तर ९३१.३२ येते, आणि त्यापुढे ते जीबी असे लिहिते. ५०० जीबीची डिस्क ४६५ दिसते, ६४ जीबीचा पेनड्राइव्ह साडेएकोणसाठच्या आसपास. पुष्कळांना वाटते की दुकानदाराने फसवले, किंवा उरलेली जागा ‘सिस्टिम’ खाते. काही जागा डिस्कच्या आतल्या नोंदवहीला लागते हे खरे, पण हा मोठा फरक तिचा नाही. अमेरिकेत याच कारणावरून वेस्टर्न डिजिटल आणि सीगेट या कंपन्यांविरुद्ध ग्राहकांनी दावे केले आणि २००६-०७ च्या सुमारास ते तडजोडीने मिटले.

या गोंधळावर उपाय निघून पंचवीस वर्षे उलटली आहेत. आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९९८ च्या डिसेंबरात १०२४ च्या मापांसाठी वेगळी नावे मंजूर केली: किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट. किलो, मेगा, गिगा, टेरा ही नावे हजाराच्या पटीसाठी मोकळी झाली. लिनक्सच्या अनेक साधनांत ही नावे दिसतात. ॲपलने २००९ मध्ये आपल्या मॅकवर डिस्क आणि फाइलींची मोजदाद दशमान केली. विंडोज मात्र अजून १०२४ ने भागते आणि जुनेच नाव लिहिते. माझे मत स्पष्ट आहे. डिस्क बनवणाऱ्यांचे माप बरोबर आहे, विंडोजची भागाकाराची रीतही बरोबर आहे, चूक आहे ती उत्तरापुढे लिहिलेल्या नावात. ते गिबीबाइट असायला हवे. म्हणून या पुस्तकात जीबी म्हणजे नेहमी शंभर कोटी बाइट, आणि १०२४ च्या घराण्यातले माप आले तर पूर्ण शब्दात गिबीबाइट. रॅमचे माप तेवढे अपवाद आहे. ८ जीबी रॅम म्हणून जी विकतात ती ८ गिबीबाइट असते, आणि बाजारात तिला दुसरे नाव मिळेल असे मला वाटत नाही.

स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी एक सूचना इथेच देतो. एक केबी म्हणजे किती बाइट असा प्रश्न आला आणि पर्यायांत फक्त १०२४ असेल, तर तोच निवडावा. प्रश्न काढणाऱ्याच्या मनात तेच माप असते. दोन्ही आकडे पर्यायांत असतील तर प्रश्नच अपुरा आहे.

दोन मापांची भेसळ कुठवर जाऊ शकते याचा नमुना म्हणून जुनी साडेतीन इंची फ्लॉपी आठवावी. तिच्यावर १.४४ एमबी असे लिहिलेले असे. तिच्यात प्रत्यक्षात १४,७४,५६० बाइट मावत. दशमान मापाने ते १.४७ होतात, दुसऱ्या मापाने १.४१. मग १.४४ आले कुठून? १४४० ला आधी १०२४ ने गुणले आणि मग १००० ने मेगा केले. एकाच आकड्यात दोन घराणी नांदत होती, आणि वर्षानुवर्षे तो आकडा सगळ्या जगाने बिनतक्रार वाचला.

आता मराठीकडे. युनिकोडच्या ज्या लिखाणरीतीत आज बहुतेक मजकूर साठवला जातो त्या यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. यातले चिन्ह म्हणजे आपण उच्चारतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगळी मोजली जातात. ‘जळगाव’मध्ये पाच चिन्हे, म्हणून १५ बाइट. ‘धुळे’ला १२. ‘श्री’ हे एकच अक्षर दिसते, पण त्यात श, हलन्त, र आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे तेही १२ बाइट. मोबाइलच्या साध्या संदेशाची मर्यादा १४० बाइटांची असते. इंग्रजीत सात सात बिटांची अक्षरे बसवून १६० मावतात, मराठीत प्रत्येक चिन्हाला दोन बाइट जातात आणि ७० वर संदेश संपतो. सहकारी संस्थेच्या सभेची सूचना मराठीत पाठवली की तिचे दोन-तीन संदेश होतात आणि पैसे तेवढ्यांचे पडतात, ते यामुळे.

तरीही मजकूर म्हणून साठवलेली मराठी फारच थोडी जागा घेते. दीड हजार चिन्हांचे छापील पान साधारण चार ते साडेचार हजार बाइटांत बसते. शंभर पानांचा कवितासंग्रह अर्ध्या एमबीच्या आत. त्याच पानाचा फोटो काढला की हिशेब एकदम पालटतो. ए-४ आकाराचे पान इंचाला ३०० ठिपके या दराने रंगीत स्कॅन केले तर २४८० गुणिले ३५०८ ठिपके होतात, प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे ३ बाइट. गुणाकार २,६०,९९,५२० येतो, म्हणजे २६.१ एमबी. मजकुराच्या सुमारे सहा हजार पट. इंचाला ६०० ठिपके घेतले तर दोन्ही बाजू दुप्पट होतात, म्हणून माप चौपट: १०४.४ एमबी. ठिपके दुप्पट म्हणजे जागाही दुप्पट असे धरणारे फार आढळतात, आणि अंदाजपत्रक तिथेच कोसळते.

धुळ्याला हा हिशेब इतर गावांपेक्षा जास्त लागू आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले. त्यांनी आयुष्यभर गावोगाव पायपीट करून जमवलेल्या साधनांच्या जतनासाठी १९२७ मध्ये राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी समर्थ संप्रदायाची हस्तलिखिते जन्मभर गोळा केली, ती श्री समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. या दोन वास्तूंमुळे धुळे हे महाराष्ट्राच्या स्मृतीचे एक मोठे कोठार झाले आहे. हा कागद मोडीत आणि देवनागरीत आहे, हाताने केलेला आहे, आणि त्याला वाळवी, ओल आणि हाताळणी या तिन्हींचे भय आहे. अशा कागदाचे उत्तम चित्र काढून ठेवणे हे या पिढीचे काम आहे असे मी मानतो, आणि मापाचा प्रश्न मला जिव्हाळ्याचा वाटतो तो याच कारणाने.

समजा दोनशे पानांचे एक बाड आहे. दोन्ही अंगांनी लिहिलेले, म्हणजे ४०० चित्रे. सोपे जावे म्हणून पान ए-४ एवढे धरू. ६०० ठिपक्यांनी, रंगीत, कोणतेही आकुंचन न करता ते साठवले तर ४१.७६ जीबी लागतात. एक टीबीच्या डिस्कवर अशी २३ बाडे मावतात. ज्याने टेराबाइट म्हणजे १०२४ चार वेळा गुणून येणारी संख्या धरली असेल त्याच्या कागदावर २६ येतात. डिस्क मागवताना हा तीन बाडांचा फरक दिसत नाही. तो दिसतो काम संपत आल्यावर, अनुदान खर्ची पडलेले असताना. मग उरलेली बाडे ३०० ठिपक्यांवर उरकली जातात, किंवा जेपेगमध्ये दाबून बसवली जातात. जेपेग जागा वाचवते ती बारीक तपशील टाकून देऊन, आणि टाकलेला तपशील परत आणता येत नाही. मोडीच्या वाचनात फिक्या शाईतले एक टिंब नाव बदलू शकते, पुसट झालेली रेघ आकडा बदलू शकते. कागद पुढे जीर्ण झाला तर अभ्यासकाला त्या टिंबासाठी चित्राशिवाय दुसरा आधार उरणार नाही. म्हणून बाडांची संख्या, पाने, ठिपके, रंग आणि किती प्रती ठेवायच्या हे सगळे बाइटमध्ये मांडून मगच डिस्क मागवावी, आणि वर किमान पंचवीस टक्के जागा मोकळी धरावी.

आवाजाचा हिशेब चित्रापेक्षा सोपा आहे, कारण तो काळाबरोबर सरळ चालतो. चांगल्या प्रतीचे ध्वनिमुद्रण सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना ३ बाइटांचा, डावा-उजवा असे दोन प्रवाह, असे केले तर सेकंदाला २,८८,००० बाइट होतात. तासाला १.०४ जीबी, शंभर तासांना १०४. मोबाइलवर गाणी ऐकण्यासाठी वापरतात त्या १२८ किलोबिटच्या एमपी-३ मध्ये तेच शंभर तास ५.७६ जीबीत बसतात. ऐकायला दुसरे पुरते. जपायला पहिलेच हवे, कारण उद्या अहिराणीच्या उच्चारांचा बारीक अभ्यास करणाऱ्याला एमपी-३ ने काय टाकले हे विचारायची सोय राहणार नाही.

खानदेशात हे काम अत्यंत तातडीचे आहे. बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता येत नव्हते. त्या गात गेल्या, त्यांचे पुत्र सोपानदेव यांनी टिपून ठेवले, आणि १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी छापली गेली. शब्द आपल्याला मिळाले, गळा मिळाला नाही. ज्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ पासून त्यांचे नाव आहे त्याच्या परिसरातल्या तीन जिल्ह्यांत आजही आखाजीची आणि कानबाईची गाणी म्हणणाऱ्या वृद्ध बाया आहेत. त्यांच्या समोर बसून मुद्रण करताना मध्येच जागा संपली, तर पुन्हा तसाच रंग भरेल याची खात्री नसते. एक तास म्हणजे सुमारे एक जीबी, एवढे सूत्र पाठ असलेला माणूस ३२ जीबीचे कार्ड घेऊन गावात जाताना आपण किती तास मुद्रण करू शकतो ते जाणून असतो. जळगावच्या गांधी तीर्थाने गांधीजींची कागदपत्रे, छायाचित्रे आणि भाषणे डिजिटल रूपात जपण्याचे काम हाती घेतले, त्याच गांभीर्याने या बायांच्या गळ्याकडेही पाहायला हवे.

साठवलेली माहिती एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवायची वेळ आली की आणखी एक घोटाळा उभा राहतो. साठवण बाइटमध्ये मोजतात, इंटरनेटचा वेग बिटमध्ये. इंग्रजीत लहान बी म्हणजे बिट आणि मोठा बी म्हणजे बाइट असा संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठे अक्षर नाही, ‘एमबी’ म्हटले की दोन्ही एकच. म्हणून या पुस्तकात वेगाचा विषय आला की मेगाबिट आणि मेगाबाइट असे पूर्ण शब्दच लिहिले आहेत, आणि कार्यालयाच्या पत्रव्यवहारातही तसेच लिहावे असा आग्रह आहे. सेकंदाला ४० मेगाबिटचा जोड म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट. त्याने एक टीबी पाठवायला दोन लाख सेकंद लागतात, साडेपंचावन्न तास. तीच डिस्क नीट गुंडाळून धुळ्याहून पारोळा-एरंडोलमार्गे एसटीने जळगावला नेली तर त्याच दिवशी पोचते. तीन तास धरले तर तो वेग सेकंदाला सुमारे ७४० मेगाबिट पडतो. मोठे संग्रह हलवताना हाच मार्ग निवडावा, मात्र मूळ प्रत जागेवर ठेवूनच.

सेवा केंद्रावरचा प्रश्न याच्या उलट टोकाचा आहे. तिथे जागा कमी करायची असते. आयबीपीएसच्या बँक भरतीच्या अर्जात फोटो २० ते ५० केबी आणि सही १० ते २० केबी लागते. मोबाइलने काढलेला ३ एमबीचा फोटो त्या मर्यादेच्या साठ पट असतो. फोटो २०० गुणिले २३० ठिपक्यांवर आणला की कच्चे माप १,३८,००० बाइट होते, आणि बेताच्या जेपेगने तो मर्यादेत बसतो. क्रम लक्षात घ्यावा: आधी ठिपके कमी करायचे, मग दाब द्यायचा. उलट केले की चेहरा ओळखू येत नाही आणि अर्ज परत येतो. ५० केबी म्हणजे ५०,००० की ५१,२०० बाइट, हे संकेतस्थळ सांगत नाही, म्हणून फाइल ४८,००० च्या आत ठेवावी म्हणजे दोन्ही मापांत निभावते.

सराफांच्या आणि कापड दुकानांच्या कॅमेऱ्यांवर एक छोटे प्रकरण आहे. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिटने चालला तर दिवसाला ४३.२ जीबी, आठ कॅमेऱ्यांचे ३४५.६ जीबी, तीस दिवसांचे १०.३७ टीबी. दहा टीबीची डिस्क घेऊन महिन्याचे चित्रण राहील असे समजणाऱ्याचा पहिला दिवस तिसाव्या दिवसाच्या आतच पुसला जातो. यापेक्षा जास्त सांगण्यासारखे त्यात नाही.

शेवटी नोंदवहीबद्दल. संग्रहातल्या प्रत्येक डिस्कला वहीत एक ओळ असावी: फाइली किती, एकूण बाइट किती, प्रत कोणत्या तारखेला केली, दुसरी प्रत कुठे आहे. बाइट पूर्ण आकड्यात लिहावेत, ‘४१ जीबी’ असे नव्हे तर ४१,७५,९२,३२,००० असे. विंडोजमध्ये फाइलीचे गुणधर्म उघडले की हा पूर्ण आकडा कंसात दिसतोच. त्याखाली ‘डिस्कवरील आकार’ म्हणून दुसरा आकडा असतो, तो घेऊ नये. डिस्क आपली जागा बहुधा ४,०९६ बाइटांच्या घरांत वाटते, ५,००० बाइटांची फाइल दोन घरे अडवते आणि तो आकडा ८,१९२ होतो. दुसऱ्या डिस्कवर घरांचे माप निराळे असले की तोही बदलतो, बाइटांची बेरीज मात्र कुठेही तीच राहते.

प्रत केल्यावर दोन्हीकडची बेरीज ताडून पाहावी. ती जुळली नाही तर प्रत अपुरी आहे हे नक्की. जुळली म्हणजे प्रत बिनचूक आहे असे मात्र ठरत नाही, कारण मधला एखादा बाइट बदलला तरी संख्या तेवढीच राहते. त्यासाठी फाइलीच्या सगळ्या बाइटांवरून काढलेली खूण लागते. शा-२५६ या रीतीने काढलेली खूण फाइल केवढीही असो २५६ बिटांची, म्हणजे ३२ बाइटांचीच असते, आणि ती ६४ चिन्हांत लिहिता येते. ती कशी काढायची, वहीत कशी उतरवायची आणि दर वर्षी कशी तपासायची, हे अखेरच्या प्रकरणात पायरीपायरीने दिले आहे. बाडांचे काम हाती घेणाऱ्यांनी ते प्रकरण पहिल्या प्रकरणाच्या आधी वाचले तरी चालेल.